तांदुळाचा कोंडा आणि बेरीबेरी

भाताच्या गिरण्या गांवोगांव झाल्या, तशी शुभ्र, गुळगुळीत तांदुळाची आवड आमच्या शेतकरी वर्गांत वाढली. पाहुण्यांपुढें पांढरा भात वाढण्यांत भूषण वाटतें आणि कोंडा गोठ्यांत जातो. या व्यवहारांत घरच्या माणसांच्या वांट्यास काय उरतें, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

बेरीबेरी या रोगांत पाय बधिर व दुबळे होतात, अंगावर सूज येते आणि अखेर हृदय थकून मृत्यूहि ओढवतो. सन १८८२-८३ च्या सफरींत ‘र्‍युजो’ या जपानी आरमारी जहाजावरील ३७६ जणांपैकीं १६९ जणांस हा रोग जडला व २५ दगावले. त्यांचें मुख्य अन्न पांढरा भात. डॉक्टर ताकाकी यांनीं १८८४ सालीं ‘त्सुकुबा’ हें जहाज त्याच मार्गानें धाडविलें. मात्र शिध्यांत मांस, दूध व पाव वाढविला. रोगी अवघे १४ निघाले; मृत्यु एकहि नाहीं.

जावा बेटांत डच वैद्य आइकमान यांस कोंबड्यांनीं मार्ग दाखविला. रुग्णालयांतील पांढरा भात खाऊन त्या लुळ्या पडत. असडीक तांदूळ मिळतांच सुधारत. दोष भातांत नसून, सडतांना जें निघून जातें त्याच्या उणीवेंत आहे, हें ग्रिन्स यांनीं १९०१ सालीं ओळखलें. १९२६ सालीं यान्सेन व डोनाट यांनीं तें द्रव्य कोंड्यांतून वेगळें काढलें. तेंच ब१ जीवनसत्त्व, अर्थात् थायमिन.

दाण्याच्या अंकुरांत व वरच्या पापुद्र्यांत हें सत्त्व असतें, आणि पिष्टमय अन्नापासून शरीरास शक्ति मिळण्यास तें अवश्य लागतें. म्हणजे ज्याचें पोट भातावरच भरतें, त्यास त्याची गरज अधिक; आणि नेमकें त्याच्याच ताटांतून तें नाहींसें होतें! कडधान्यें, ज्वारी-बाजरी व भुईमूग ज्यांच्या आहारांत नित्य आहेत, त्यांस भय थोडें.

उपाय खर्चाचे नाहींत. घरच्यापुरतें भात भरडून घ्यावें, फार सडूं नये. असा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून बेताबेतानें भरडावा. कोंकणांतील उकड्या तांदुळाची चाल शहाणपणाची आहे. भात सालासकट भिजवून उकडल्यानें सत्त्व दाण्यांत मुरतें व पुढें गिरणींतहि बरेंच टिकतें. तांदूळ चोळचोळून धुवूं नये, पेज ओतून देऊं नये, डाळींत सोडा घालूं नये. पाय बधिर होऊन सूज आल्यास मात्र घरगुती उपचारांत वेळ न दवडतां डॉक्टरांस दाखवावें.

गाईगुरांस कोंडा अवश्य द्यावा. परंतु पिकविणाराच्या घरांत सत्त्व गोठ्यास आणि चोथा माणसांस, अशी वांटणी नसावी.