समजून घ्या : मधुमेह आणि अल्झायमरला जोडणारे एन्झाइम, एकाचे औषध दुसऱ्याला मारक ठरेल?

कोल्हापूर : ऊस आणि गुळाच्या या जिल्ह्यात 'शुगर' म्हटले की साखर कारखान्याइतकाच घरातला गोळ्यांचा डबाही आठवतो. देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज 'आयसीएमआर'च्या २०२३ मधील अभ्यासात मांडण्यात आला. मधुमेहींना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोकाही जास्त असतो. या दोन्ही आजारांशी संबंध असलेल्या एका एन्झाइमवर शास्त्रज्ञ औषध शोधत आहेत. मात्र त्यात मोठा पेच आहे.

हे एन्झाइम काय करते?

त्याचे नाव 'इन्शुलिन डिग्रेडिंग एन्झाइम', थोडक्यात 'आयडीई'. इन्शुलिनचे तुकडे करणे हे त्याचे काम. १९४९ मध्ये ते प्रथम नोंदवले गेले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे 'बीटा अमायलॉइड'ही ते तोडते, हे १९९४ मध्ये समोर आले.

मग पेच कोणता?

आयडीईला रोखले, तर इन्शुलिन जास्त वेळ टिकेल आणि मधुमेहींना फायदा होईल. पण मग मेंदूतले अमायलॉइड कोण साफ करणार? उलट त्याचा वेग वाढवला, तर अमायलॉइड घटेल. पण इन्शुलिनही लवकर संपेल. २००३ मध्ये आयडीई नसलेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड वाढलेले आढळले. त्यांच्या रक्तात इन्शुलिनही वाढले, तरी साखर आटोक्यात राहिली नाही.

तोडगा आहे का?

दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या घालाव्यात, तशी आयडीईची रचना असते. आतल्या पोकळीत एखादा छोटा रेणू बसवून त्याचे काम बदलता येते. हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०१४ मध्ये असा रेणू उंदरांना दिला. ग्लुकोज तोंडावाटे दिल्यावर साखर चांगली नियंत्रणात राहिली. इंजेक्शनने दिल्यावर मात्र उलटा परिणाम दिसला. कारण साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही आयडीईच तोडते. २०१९ मध्ये याच गटाने इन्शुलिन वाचवणारे, पण ग्लुकॅगॉन तोडू देणारे रेणू मांडले. आयडीईचा वेग वाढवणारे रेणूही २००९ मध्येच प्रयोगशाळेत सापडले होते.

रुग्णांनी काय करावे?

- हे संशोधन प्रयोगशाळा आणि उंदरांपुरते आहे. 'मधुमेह-विसराळूपणावर एकच एन्झाइम पावडर' अशा मेसेजवर विश्वास ठेवू नका.
- डॉक्टरांना न विचारता गोळ्या किंवा इन्शुलिन बंद करू नका.
- साखरेऐवजी गूळ खाल्ला तरी रक्तातील साखर वाढतेच.
- घरातील मधुमेही ज्येष्ठ तेच तेच विचारत असतील, ओळखीचा रस्ता चुकत असतील, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांमध्ये मधुमेहाचा समावेश आहे. नवे औषध येईल तेव्हा येईल. आज साखर आटोक्यात ठेवणे हाच मेंदू जपण्याचाही एक मार्ग आहे.