स्वामी रामानंद तीर्थ : अंबाजोगाईची वर्षे आणि नंतरचे राजकारण

व्यंकटेश भवानराव खेडगीकर, म्हणजेच संन्यासानंतरचे स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२), यांचे स्मरण मराठवाड्यात बहुधा संत म्हणून केले जाते आणि त्या आदरापोटी त्यांच्यातील मुरब्बी राजकारणी झाकला जातो. हा राजकारणी घडला तो शाळेत. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेले आणि कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले खेडगीकर १९२९ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले, १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, आणि १९३५ च्या सुमारास ते आजच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस, म्हणजे निजामी अमलातील मोमिनाबादेस, योगेश्वरी विद्यालयाच्या कामासाठी आले.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाचे सरकारी माध्यम उर्दू होते आणि सार्वजनिक जीवनावर ‘गश्ती निशाण ५३’चा अंमल होता, गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक, आणि या परिपत्रकानुसार पूर्वपरवानगीवाचून सभा भरवता येत नसे. जेथे सभेलाच बंदी, तेथे खाजगी मराठी शाळा ही तरुणांना उघडपणे एकत्र आणणारी जवळजवळ एकमेव जागा ठरते, हे स्वामीजींनी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके ओळखले होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे, म्हणजे संस्थानातील मराठी भाषकांच्या संघटनेचे, पहिले अधिवेशन झाले. पुढील वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली, आणि अध्यापन सोडून पूर्णवेळ राजकारणात उतरलेले स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

१९४६ मध्ये बंदी उठल्यावर मवाळ गटाचा विरोध असताना ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ही निवड बिनविरोध नव्हती, हे गौरवग्रंथांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे होते. कारण निजामाशी तडजोड की भारतात विलीनीकरण, हा प्रश्न तिथेच निकाली निघू लागला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी विलीनीकरण दिन पाळून त्यांनी लढ्याची दिशा उघड केली, त्यानंतर ते पुन्हा अटकेत गेले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यावरच त्यांची अखेरची सुटका झाली.

मंत्रिपदाच्या वाटेला ते गेले नाहीत. लोकसभेवर मात्र १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून निवडून आले. त्यांच्या कामगिरीतील सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग म्हणजे हैदराबाद राज्याच्या भाषावार विभाजनाचा त्यांनी धरलेला आग्रह. हे संमिश्र राज्य मोडण्यास नेहरू प्रारंभी अनुकूल नव्हते, तरीही १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विभागले गेले आणि बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले.

आज अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करतात. लढ्याच्या आठवणींचा त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला. संताची प्रतिमा बाजूला ठेवून संघटकाचा शोध घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला आरंभ तेथूनच करावा लागतो.