दोनशे एक अंकांची संख्या

संख्या लांबलचक असली की ती अवघडही असणार, असे आपण धरून चालतो. बंगळुरात १९२९ साली जन्मलेल्या आणि २०१३ साली याच शहरी निवर्तलेल्या शकुंतलादेवींचे नाव आपण ऐकलेच असेल. १९७७ साली अमेरिकेत डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात त्यांना २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ विचारण्यात आले. तेवीस वेळा मांडून गुणली असता ती प्रचंड संख्या देणारी संख्या कोणती, हा प्रश्न. पन्नास सेकंदांत उत्तर आले : ५४,६३,७२,८९१. गणकयंत्राकडून त्याचा पडताळा घेण्यासाठी खास आज्ञावली लिहावी लागली.

कोणी याला दैवी चमत्कार म्हणाले, कोणी हातचलाखी. मला दोन्ही मते आळशीपणाची वाटतात. त्या संख्येकडेच पाहावे.

प्रथम शेवट पाहू. २ ला २ ने गुणत गेल्यास एकं स्थानी २, ४, ८, ६ असे अंक येतात आणि फेरा पुन्हा २ पासून सुरू होतो. कोणताही अंक घ्या, चार पायऱ्यांनी हीच पुनरावृत्ती. विसात असे पाच फेरे पुरे होतात, उरतात तीन. म्हणून तेविसाव्या घाताचा शेवटचा अंक घनाच्या शेवटच्या अंकाइतकाच. २ किंवा ५ ने भाग न जाणाऱ्या संख्येचे शेवटचे दोन अंक घेतले, तर फेरा वीस पायऱ्यांत पुरा होतो, निष्कर्ष तोच. आपली संख्या ७१ ने संपते. शंभराच्या आत जिच्या घनाच्या शेवटी ७१ येतात अशी संख्या एकच, ९१. तिचा घन ७,५३,५७१. उत्तराचे शेवटचे दोन अंक हाती आले.

आता आरंभ. पहिले सहा अंक ९१६७४८. मूळ संख्येत हजारी तेविसाचा फरक पडला, तर तेविसाव्या मुळात तो हजारी एकाच्या आसपासच उरतो. त्यामुळे या सहा अंकांवरूनच उत्तर सुमारे सव्वीस लागोपाठच्या संख्यांत कोंडले जाते, आणि त्यांत ९१ ने संपणारी एकच असू शकते. आठ अंकांत काम झाले! मधले १९३ अंक केवळ दरारा वाढवण्यापुरते. कचेरीतल्या जाड फायलीचेही पुष्कळदा असेच असते : पहिले पान आणि शेवटचा शेरा.

उत्तराचीही गंमत आहे. त्यात १ ते ९ हे अंक एकेकदाच येतात. बेरीज ४५, म्हणजे नवाने भाग जातो. प्रत्यक्षात २७ नेही जातो. म्हणून त्या २०१ अंकी संख्येत ३ हा अवयव बरोबर ६९ वेळा आहे.

याने बाईंचे श्रेय उणे होत नाही. ते सव्वीसांचे कुंपण घालायला लॉगॅरिथमचे आठ स्थळांपर्यंतचे गणित लागते; कागदावर मांडतानाच आपली संध्याकाळ सरेल. शिवाय १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत केला. तेथे मधला एकही अंक गाळता येत नव्हता. उत्तरातले सव्वीसही अंक सांगायचे होते, आणि ते त्यांनी सांगितले.