कुंपणावरचा परका

२०२१ साली आम्ही बडोद्यातील आमच्या अंगणाच्या कडेने कोनोकार्पसची ७ रोपे लावली. पाणी थोडे, वाढ झपाट्याची. दोन वर्षांत कुंपण हिरवेगार झाले आणि आम्हांस धन्यता वाटली. पुढे न्हाणीघराचे पाणी तुंबू लागले. गटार उकरले, तो आत मुळांच्या जटाच जटा!

हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचे, खाऱ्या जमिनीतही तगणारे. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीस मनाई केली. मुळांमुळे केबली व गटारे बिघडतात आणि हिवाळ्यात परागांमुळे सर्दी, खोकला, दमा बळावतो, ही त्यामागची कारणे.

घरात मग वाद उभा राहिला. ‘परदेशी तेवढे उपटून टाका,’ हे चिरंजीवांचे मत. आम्हांस ते पटेना. पेरू, पपई अमेरिकेची, गुलमोहर मादागास्करचा, चिंच आफ्रिकेची. आणि आमचे पूर्वज तरी गायकवाडांच्या मागोमाग दक्षिणेतूनच येथे आले ना! झाडाचे मूळ गाव आम्ही विचारीत नाही. ते शेजाऱ्यास सुखाने नांदू देते की नाही, एवढेच पाहतो.

सौभाग्यवतींचा आक्षेप निराळा होता : दुपारच्या सावलीचे काय? तो मात्र रास्त. म्हणून गटाराकडची ४ झाडे यंदा काढली व तेथे करंज आणि बकुळ लावली. उरलेली ३ फुलोऱ्यापूर्वीच छाटीत राहू आणि नवी रोपे पुरुषभर झाली की काढू. बकुळ सावकाश वाढते. तोवर दुपारची खाट ओसरीवर.