सुपरमार्केटची जबाबदारी कुठे संपते?

आज आपण जानेफळच्या तुरीपासून सुरुवात करू. मेहकर तालुक्याचा हा भाग सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा. इथली तूर पोत्यात भरून बाजारात जाते, पुढे दालमिलमध्ये तिची डाळ होते, आणि मग ती एक किलोच्या चकचकीत पाकिटात सुपरमार्केटमध्ये मांडली जाते. अशी पाकिटं आता आपल्याही गावात येतात. डाळ शिजते, संपते. पाकीट मात्र उरतं. ते चुलीत जातं, नाही तर नाल्यात.

मग हे पाकीट कोणाचं? आपण सहज म्हणतो, ज्यानं टाकलं त्याचं. कायदा तसं म्हणत नाही. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ सालचे. त्यांत १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं जोडली गेली. वेष्टन बाजारात आणणाऱ्यानंच त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यायची, हे त्यांचं सूत्र. सूक्ष्म आणि लघु उद्योग सोडले, तर स्वतःच्या नावानं माल विकणाऱ्या सुपरमार्केट साखळ्याही त्यात येतात. म्हणजे ‘आम्ही नुसते विकणारे’ असं त्यांना म्हणता येत नाही.

पण इथे एक मेख आहे. ही जबाबदारी वजनानं मोजली जाते. नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगाकडून तेवढ्या वजनाचं प्रमाणपत्र घेतलं, की हिशेब जुळतो. ते प्लास्टिक मोठ्या शहरातून गोळा झालं तरी चालतं. कागदावर सगळं चोख, आणि जानेफळचं पाकीट नाल्यातच! जिथे कचरा गोळा करणं स्वस्त पडतं तिथून तो उचलला जातो. खेडं मागे राहतं.

यावर उपाय नाही असं नाही. महाराष्ट्रानं २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायला सांगितलं होतं. पिशवी परत द्या, पैसे घ्या. ही पद्धत गावोगाव रुजली नाही, पण विचार अगदी साधा होता: माल जिथून मिळतो, तिथेच वेष्टन परत घ्यायचं. आपल्याकडे सोड्याच्या काचेच्या बाटल्या अशाच फिरायच्या की!

दुसरी बाजू नासाडीची. मोठा खरेदीदार एकाच आकाराचा, डाग नसलेला टोमॅटो मागतो. बाकीचा माल नाकारला, की गाडीभाडं आणि तोटा शेतकऱ्याच्या माथी. दुकानातही मुदत जवळ आली की माल काढून टाकतात. फ्रान्सनं २०१६ मध्ये कायदा केला: ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटनं न विकलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायचं नाही, त्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करायचा. तिथे हे दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

आपल्या हाती काय आहे? सुटी डाळ घरच्या पिशवीत देणारं किराणा दुकान अजून आहे, ते टिकवणं आहे. आणि सुपरमार्केटच्या काउंटरवर बिल देताना एक प्रश्न विचारणं आहे: ‘हे पाकीट परत कुठे द्यायचं?’ एकानं विचारलं तर कर्मचारी हसेल. शंभर जणांनी विचारलं तर मालकाला उत्तर शोधावं लागेल. पाकीट इथपर्यंत आणायला गाडी मिळते, तर परत न्यायलाही मिळाली पाहिजे.