कल्पनेतील लढाऊ अंतराळयान



फतेगंजला पदार्थविज्ञान शिकवीत असताना एका विद्यार्थ्याच्या वहीत मला लढाऊ अंतराळयानाचे चित्र आढळले. निमुळते नाक, मागे झुकलेले पंख, शेपटाकडून निघणाऱ्या ज्वाळा. तास गणिताचा नव्हे, चित्रकलेचाही नव्हे, म्हणून मी वही काढून घेतली. चित्राविषयी एकही प्रश्न विचारला नाही. ते प्रश्न आज विचारतो.

पहिला प्रश्न : पंख कशासाठी? विमान हवेच्या आधाराने तरते व कलून वळते. अंतराळात हवा नाही. तेथे वळायचे तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार विरुद्ध दिशेला वायूचा झोत सोडावा लागतो. म्हणून यानाच्या चहूअंगांना लहान रॉकेटे हवीत. नाक फिरवले तरी यान जुन्याच दिशेने जात राहते. त्यामुळे पुढे धावता धावता तोंड मागे करून पाठलाग करणाऱ्यावर मारा करता येईल!

दुसरा प्रश्न : इंधन किती? त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्राप्रमाणे, झोताच्या वेगाइतका वेग यानाला द्यायचा तर आरंभीच्या वस्तुमानापैकी ६३ टक्के इंधन खर्ची पडते. तो वेग घेऊन पुन्हा थांबायचे तर ८६ टक्के. वैमानिक, शस्त्रे आणि सांगाडा यांच्या वाट्याला उरतात १४ टक्के.

तिसरा प्रश्न : उष्णता कोठे जाणार? ती वाहून नेणारी हवा नसल्याने केवळ प्रारणानेच बाहेर टाकावी लागते. त्यासाठी रुंद तावदाने लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ती आहेत. म्हणजे त्या मुलाचे पंख पुन्हा आले, पण निराळ्या कामासाठी. आणि शत्रूचा नेम प्रथम त्यांवरच असणार.

अशा कल्पना आपल्याला नव्या नाहीत. भोजराजाच्या नावावरील ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२४-२५ साली टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यात हलक्या लाकडाच्या, पक्ष्याच्या आकाराच्या, पाऱ्याने चालणाऱ्या विमानाचे वर्णन आहे. यंत्रांची घडण मात्र अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी सांगितलेली नाही, असे ग्रंथकार म्हणतो. काव्य म्हणून ते मोहक आहे. पण जे सांगितलेच नाही, ते तपासणार कसे?

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी ‘वैमानिकशास्त्र’ या प्राचीन म्हणविल्या जाणाऱ्या ग्रंथातील विमाने उड्डाणशास्त्राच्या कसोटीवर पारखली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांनी त्या आकृत्यांना हिशेब विचारला. मी मात्र एका मुलाच्या आकृतीला तेवढाही मान दिला नाही.

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते उत्तर सांगण्यापूर्वी प्रश्न विचारीत. येथील शिक्षकांना एवढीच विनंती, की अशी वही हाती आली तर ती मिटू नये. शेजारी बसून विचारावे, “बाळ, हे वळते कसे?”