उंबराच्या वासामागे निघालेल्या संशोधिका

उंबराच्या आत

उंबर फोडले की आत किडे दिसतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. ते किडे म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातल्या चिमुकल्या माश्या. उंबर हा आतल्या बाजूला फुललेला फुलोराच असतो. परागीकरणाची वेळ आली की तो खास गंध सोडतो आणि त्या गंधाचा माग काढत मादी माशी येते. सजीव अशा रसायनांनी एकमेकांना बोलावतात, हुसकावतात, फसवतात. त्याचा अभ्यास म्हणजे रासायनिक परिस्थितिकी.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस यांनी उंबराचा हा संसार वर्षानुवर्षे अभ्यासला. उंबराच्या गंधाला सगळ्या मुंग्या सारखा प्रतिसाद देत नाहीत, हे त्यांच्या प्रयोगशाळेने २००९ साली दाखवले. शिकारी ओंबील मुंग्यांची तऱ्हा वेगळी, मधुरस देणारे कीटक राखणाऱ्या मुंग्यांची वेगळी. एवढ्याशा फळाभोवती किती नाकांची गर्दी!

भीमाशंकरच्या रात्री

बोर्जेस यांनी भीमाशंकरच्या जंगलातही काम केले. तिथल्या वारस वृक्षाचे परागीकरण रात्री उडणारे मोठे भुंगे करतात, हे सहसंशोधिका हेमा सोमनाथन आणि बोर्जेस यांनी २००१ साली मांडले. असे काही शोधायचे तर रात्रीच रानात असावे लागते. महिला संशोधकांना पुढे आणायचे, तर हिशोब इथूनच सुरू व्हावा: भरवशाची जीप, सोबत मदतनीस, मुक्कामी स्वच्छतागृह. अनुदानाच्या अर्जात हा खर्च मागताना कुणालाही संकोच वाटू नये.

पैसा कुणाचा?

याच शास्त्रात काम केलेल्या इंग्लंडच्या मिरियम रॉथशिल्ड यांच्याकडे रीतसर पदवी नव्हती. मोनार्क फुलपाखरू रुईच्या कुळातल्या वनस्पतींचे विष अंगात साठवते, हे दाखवणाऱ्या १९६८ च्या शोधनिबंधाच्या त्या सहलेखिका. रॉयल सोसायटीने १९८५ साली त्यांना फेलो केले. पण त्यांच्यामागे घरची संपत्ती होती. भीमाशंकरजवळच्या आंबेगावातल्या शाळकरी मुलीमागे ती नाही. तिला सार्वजनिक निधीच लागेल.

हुकलेला हंगाम

वारस वर्षातून ठरावीक काळच फुलतो. बाळंतपणात तो काळ गेला की वर्ष गेले, म्हणून प्रकल्पाची मुदतही हंगामाने वाढवायला हवी, महिन्यांनी नव्हे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या महिला शास्त्रज्ञ योजनेने कामात खंड पडलेल्यांना परत आणले. २०२० साली महिलांसाठी ‘पॉवर’ ही योजनाही आली. मात्र शिष्यवृत्ती हाती असूनही गंधातली रसायने वेगळी करणारे गॅस क्रोमॅटोग्राफ वापरायला मिळाले नाही, तर रानातून आणलेले नमुने पडून राहतात. मंजुरीपत्रातच यंत्राचे तास लिहून द्यावेत.